मलावीत शाळा बांधायला जाताय? नाशिकच्या एका साइट इंजिनिअरच्या सूचना

चर्चच्या मंडळीत 'या वर्षी परदेशात मिशनला जाऊ, एखादी शाळा बांधून देऊ' असा विषय निघाला की लगेच तिकिटांच्या दरावर चर्चा सुरू होते. तिकीट सगळ्यात शेवटी काढायचं. आधी दोन गोष्टी विचारायच्या: ही शाळा मागितली कुणी, आणि इमारत झाल्यावर वर्गात शिकवणार कोण? दोन्हींची उत्तरं कागदावर मिळाली तरच पुढच्या तयारीला लागा.

मी नाशिकची. बांधकामाच्या साइटवर माझं निम्मं आयुष्य गेलं. आमच्या मंडळीच्या टीमबरोबर आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेत, थ्योलोच्या चहामळ्यांच्या पट्ट्यात, दोन वर्गखोल्यांच्या इमारतीवर मी काम केलं आहे. त्यानंतर इतर मंडळ्यांचे पाळक आणि तरुण संघवाले फोन करून विचारतात, ताई, आम्हालाही जायचंय, कुठून सुरुवात करू? त्या सगळ्यांसाठी हे एकदाच नीट लिहिते आहे.

नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला मलावी तसा परका नाही. 1866 मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन शेवटच्या प्रवासासाठी आफ्रिकेत उतरला तेव्हा नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये शिकलेले आफ्रिकी तरुण त्याच्याबरोबर होते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली ही मुलं. शरणपुरात त्यांना लिहिण्या-वाचण्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा झाडाच्या खोडावर त्याचं नाव कोरणारा आणि त्याच्या पार्थिवाबरोबर लंडनपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हाही शरणपूरचाच विद्यार्थी, जन्माने याओ. याओ लोक आजही मलावीच्या दक्षिण भागात राहतात. म्हणजे आपल्याकडून तिकडे जे गेले ते हातात कसब घेऊन. मला हा वारसा फार मोलाचा वाटतो, आणि आपली टीमही तसंच काहीतरी घेऊन जावी असं मनापासून वाटतं.

शाळा कुणाची हे आधी ठरू द्या

मलावीत 1994 पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे. मुलं शाळेत आली, खोल्या मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. खेड्यातल्या पहिली-दुसरीत शंभरावर मुलं एका वर्गात किंवा झाडाखाली बसलेली दिसतात. बऱ्याच प्राथमिक शाळांची मालकी चर्चकडे आहे, आणि तिथल्या शिक्षकांची नेमणूक आणि पगार सरकारकडे. त्यामुळे तुमची यजमान मंडळी कितीही प्रेमळ असली तरी केवळ तिच्या शब्दावर जाऊ नका. जिल्ह्याच्या शिक्षण अधिकाऱ्याचं पत्र हवं: या जागी खोल्यांची गरज आहे, आणि इतके शिक्षक आम्ही देऊ. गावप्रमुखाची जमिनीला संमती हवी, तीही गावासमोर दिलेली. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवा. आणि नकाशा शिक्षण खात्याच्या मान्य नमुन्याप्रमाणे हवा. आपल्या मंडळीतल्या आर्किटेक्टने हौसेने काढलेला नकाशा कितीही देखणा असला तरी तो बाजूला ठेवा. जिल्ह्याच्या बांधकाम विभागाचा माणूस पाया आणि बीम तपासायला येतो, त्याला ओळखीचा नकाशा दिसला की काम अडत नाही.

चौकशी करताना एक प्रश्न आवर्जून विचारा: वर्गखोलीच हवी आहे का? आडगावात शिक्षक टिकत नाही, कारण त्याला राहायला घर नसतं. काही ठिकाणी चार खोल्या आहेत, पण मुलींना संडास नाही, पाळीच्या दिवसांत कपडे बदलायला आडोसा नाही, आणि मोठ्या मुली त्या कारणाने घरी बसतात. अशा गावाला शिक्षकाचं घर किंवा मुलींचे संडास बांधून देणं ही जास्त मोठी सेवा. फोटोत ते तितकं दिसत नाही, आणि देणगीदारांना समजावून सांगावं लागतं. सांगा. उपासनेनंतर उभं राहून स्पष्ट सांगा. ऐकणारे ऐकतात.

पैसा

बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभूचा दाखला आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. तो इथे शब्दशः लागू पडतो. दोन अंदाजपत्रकं करा, एक इमारतीचं आणि एक प्रवासाचं, आणि दोन्ही मंडळीसमोर शेजारी शेजारी ठेवा. दहा-बारा जणांच्या टीमची तिकिटं, विमा, लसी, राहणं-खाणं यांचा आकडा इमारतीच्या आकड्याच्या जवळ जायला लागला, तर टीम लहान करा. चार-पाच कामाची माणसं गेली तरी पुरतं. उरलेल्यांनी तेच पैसे सिमेंटला द्यावेत. हे बोलणं अवघड जातं, पण पाळकांनी ते बोलायलाच हवं.

भारतातून पैसे पाठवताना कायदा नीट पाहा. आपल्या नोंदणीकृत धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेला खर्च आयकराच्या सवलतीत धरला जात नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची आधी मंजुरी लागते. त्यामुळे न्यासाच्या खात्यातून परस्पर रक्कम पाठवू नका. व्यक्तीला मात्र रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात आणि त्यात देणगीही बसते. मंडळीतल्या लोकांनी आपापल्या खात्यातून यजमान चर्चच्या खात्यात बँकेमार्फत पाठवलेलं उत्तम. मंडळीच्या सनदी लेखापालाला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. बॅगेत रोख रक्कम भरून नेणं हा मार्ग नव्हे.

मलावीत परकीय चलनाचा तुटवडा असतो, त्यामुळे डिझेल-पेट्रोलची टंचाई वरचेवर येते, आणि क्वाचा हे तिथलं चलन घसरलं की सिमेंट, सळई, पत्रा महागतो. म्हणून पैसे टप्प्याटप्प्याने पाठवा, पण जो माल टिकतो तो पहिल्याच टप्प्यात घेऊन ठेवायला सांगा: सळई आणि पत्रे. सिमेंट मात्र साठवू नका. तीन महिने पडलेल्या गोणीचा जोर कमी झालेला असतो.

जायचं कधी

पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरणी; जानेवारी ते मार्च घरातला मका संपत आलेला असतो आणि माणसं अर्धपोटी असतात. एप्रिल-मे मक्याची काढणी. या कशातही गावाकडून श्रमदान मागू नका. जून ते ऑगस्ट हा खरा काळ. हवा बहुतेक कोरडी, शेतं रिकामी आणि जुलै संपता संपता शाळेचं वर्षही संपतं. नवं सप्टेंबरात सुरू होतं.

आफ्रिका म्हणजे उकाडा असं डोक्यात घेऊन आमच्यातली बरीच मंडळी नुसत्या टी-शर्टवर निघाली होती. थ्योलो उंचावर आहे. जून-जुलैत तिथे चिपेरोनी नावाचं वारं येतं. धुकं, बारीक भुरभुर, हाडात शिरणारा गारठा. स्वेटर, कानटोपी आणि वाळायला वेळ न लागणारे कपडे न्या. कामाच्या हिशेबातही हे धरा. अशा हवेत प्लास्टर आणि काँक्रीट सावकाश घट्ट होतं, सेंट्रिंग काढायची घाई करायची नाही.

माती, ब्लॉक आणि झाडं

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

मलावीच्या खेड्यात विटा गावातच पाडतात आणि त्यांचाच ढीग रचून, खाली बोगदे ठेवून, लाकडं घालून भाजतात. आपल्याकडच्या भट्टीसारखंच, फक्त कोळशाऐवजी झाडं जळतात. मलावीतली वनं आधीच विरळ झालेली आहेत, डोंगर उघडे पडले की पावसात माती खाली येते, आणि मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळात याच दक्षिण भागात ब्लँटायरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या चिखलाखाली गेल्या. तेव्हा लोकांनी आसरा घेतला तो शाळांमध्येच. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: भाजलेल्या विटांऐवजी माती-सिमेंटचे दाबलेले ब्लॉक वापरा. हाताने चालवायचं दाबयंत्र भाड्याने मिळतं किंवा विकत घेऊन गावाला ठेवून येता येतं.

माती कशी पाहायची? वरचा हातभर काळपट, मुळं असलेला थर काढून टाका. खालची तांबडी माती घ्या. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ टाकून खूप हलवा आणि सपाट जागी ठेवा. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा त्यानंतर, आणि चिकणमातीला कित्येक तास लागतात. दुसऱ्या दिवशी बाटलीवर पट्टी धरून थर मोजा. वाळू निम्म्याहून बरीच जास्त आणि चिकणमाती-पोयटा मिळून पाव ते एक तृतीयांश हिस्सा अशी माती चांगली. आपल्या नाशिककडच्या काळ्या जमिनीसारखी, उन्हात भेगाळणारी माती तिथल्या पाणथळ भागात मिळते. ती अजिबात घेऊ नका. भिजली की फुगते आणि भिंत फोडते.

दुसरी चाचणी आकसण्याची. 60 सेंटिमीटर लांब, 4 सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल लाकडी पेटी करा, आतून तेल लावा, ओली माती ठासून भरा आणि वाळू द्या. माती वाळून पेटीच्या टोकापासून जितकी मागे सरते, तितकं सिमेंट वाढवायचं. बरी माती असेल तर सिमेंटच्या एका भागाला पंधरा-सोळा भाग माती चालते.

पाण्याचं प्रमाण मापाने जमत नाही, हाताने जमतं. सिमेंट मिसळलेली माती मुठीत घट्ट दाबून गोळा करा आणि छातीएवढ्या उंचीवरून टणक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर. गोळा चपटा होऊन तसाच राहिला तर पाणी जास्त, पार भुगा झाला तर कमी. आमच्या साइटवर यंत्राजवळ एक आजी बसायच्या. प्रत्येक मिश्रणाचा गोळा त्या टाकून पाहत, आणि त्यांनी मान हलवली की मगच माती साच्यात जाई. एकदा आमच्या एका तरुणाने त्यांना न विचारता फावडं उचललं. आजींनी काही न बोलता त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं, माती पसरली, पाण्याचा हलका हबका मारला आणि गोळा त्याच्याच हातात दिला. त्याने टाकला. चार तुकडे. त्या दिवसापासून तो आजींचा विद्यार्थी झाला, आणि मी त्याला दुसरं काम दिलंच नाही.

हिशेबही सांगते. ब्लॉक 29 × 14 × 9 सेंटिमीटरचा, भिंत 29 सेंटिमीटर जाड. सांध्यांसह चौरस मीटरला साधारण 67 ब्लॉक बसतात. आतून 8 × 6.5 मीटरच्या दोन खोल्या, भिंतीची उंची 3 मीटर, दारं-खिडक्या वजा केल्या तर तुटफूट धरून दहा हजारांच्या आसपास ब्लॉक लागतात. सिमेंटच्या एका गोणीत 100 ते 120 ब्लॉक होतात, म्हणजे नुसत्या ब्लॉकला नव्वद-शंभर गोण्या. हाताच्या यंत्रावर पाच-सहा माणसं दिवसाला तीनशे ते पाचशे ब्लॉक काढतात. शिवाय ताजे ब्लॉक आठवडाभर प्लास्टिक किंवा ओल्या गवताखाली दमट ठेवायचे, आणि पाडल्यापासून चार आठवड्यांनी वापरायचे.

आता तुमच्या दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामाशी हे ताडून पाहा. तुम्ही पोहोचायच्या आत ब्लॉक तयार आणि पक्के व्हायला हवेत, पाया आणि जोतं झालेलं हवं. म्हणजे मे-जूनपासून गावातल्या लोकांना मजुरी देऊन काम सुरू. टीमला 'मुहूर्तापासून' काम करायचं असतं, कुदळ मारतानाचा फोटो हवा असतो. तो हट्ट सोडून द्या.

साइटवर

हेड मिस्त्री गावचा किंवा जिल्ह्यातला असावा आणि साइटवर शेवटचा शब्द त्याचा. आपली टीम बिगारी. माल कालवणं, घमेली उचलणं, ब्लॉक पोचवणं, पाणी मारणं, सळईच्या रिंगा वाकवणं, तारेने बांधणं. ज्याला घरी गवंडीकाम येत नाही त्याने तिथे थापी हातात घेऊन भिंत चढवू नये. शेकडो मुलं वर्षानुवर्षं त्या भिंतीच्या सावलीत बसणार आहेत. ती शिकाऊ हातांची जागा नव्हे. टीममध्ये खरा गवंडी, सुतार किंवा वेल्डर असेल तर सोनं. आपल्या मंडळ्यांत असे लोक पुष्कळ असतात. मिशन ट्रिपची यादी करताना मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांची नावं वर येतात आणि हे लोक राहून जातात. त्यांचं तिकीट मंडळीने भरावं.

निघायच्या आधी दोन महिने टीमला शनिवारी एखाद्या चालू साइटवर न्या. ओळंबा कसा धरतात, लाइनदोरी कशी ओढतात, पाण्याच्या नळीने लेव्हल कशी घेतात हे प्रत्येकाने करून पाहावं. काटकोन काढायची 3-4-5 ची रीत सगळ्यांना यायला हवी: एका बाजूला 3 मीटर, दुसऱ्या बाजूला 4, दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 5. भाषा येत नसली तरी मलावीचा मिस्त्री आणि नाशिकचा मुलगा टेप धरून उभे राहिले की तिथे दोघांचं जमतं.

इंजिनिअर म्हणून मी ज्या जागा सोडत नाही त्या सांगते. जोत्यावर ओल अडवणारा थर हवाच, नाहीतर मातीच्या ब्लॉकची भिंत खालून खायला लागते. छपराचं पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून पत्रा चांगला दीड-दोन फूट बाहेर काढा आणि खाली दगडी फरसबंदी करा. भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सळई-काँक्रीटचा सलग पट्टा, म्हणजे रिंग बीम; कोपऱ्यात सळया वळवून एकमेकींत नीट गुंतवलेल्या, तिथे तुकडे जोडून भागवायचं नाही. मलावी भूखंडाच्या मोठ्या भेगेवर वसलेला आहे: 1989 मध्ये सलिमाला आणि 2009 मध्ये करोंगाला भूकंपांनी घरं पाडली. छपराच्या कैच्या रिंग बीममधून वर काढलेल्या पट्ट्यांनी आवळून बांधा. वादळात पत्रा उडतो तो बहुतेक इथूनच सुटतो. दोन टोकांच्या भिंतींचा वरचा त्रिकोण ब्लॉकने चढवू नका. हादऱ्यात तो आधी पडतो, आणि आतल्या बाजूला पडला तर मुलांवर. तिथे हलकी चौकट करून पत्रा लावा. लाकडाला वाळवी लागते, आणि तिथली वाळवी मोठी कष्टाळू आहे. परवडत असेल तर कैच्या लोखंडी करा. दाराशी पायऱ्यांच्या जोडीला उतार ठेवा, चाकाच्या खुर्चीतलं किंवा कुबडीवरचं मूल आत यायला हवं.

पाण्याचं वेगळं सांगते. 'भिंतीला सात दिवस पाणी मारा' म्हणणं इथे सोपं आहे, टँकर येतो. तिथे तेच पाणी बोअरच्या हातपंपावरून बायका डोक्यावर आणतात, आणि त्याच पंपावर गावाचा स्वयंपाक अवलंबून असतो. समितीशी बसून वेळ ठरवा, म्हणजे पहाटे घरची रांग आधी आणि साइटची नंतर. पाणी आणणाऱ्या बायकांना मजुरी द्या. वाळू-पाणी हे गावाचं श्रमदान समजायची पद्धत आहे, ती मला माहीत आहे, आणि गावाचा वाटा असावा हेही मला पटतं. पण तो वाटा दर वेळी बायकांच्याच डोक्यावर पडतो. आमच्या यजमान मंडळीच्या महिला संघाच्या अध्यक्षांना मी विचारलं, "आमायी (तिकडे आईला असं म्हणतात), मजुरी घेतली तर गावाला वाईट वाटेल का?" त्या म्हणाल्या, "मिस्त्रीने घेतली तेव्हा कुणाला वाईट वाटलं?" पहिल्या शनिवारपासून त्यांची नावं हजेरीपटावर चढली.

गावात मयत झाली की काम बंद. मिस्त्री, बिगारी, पाणी आणणाऱ्या, सगळे मयताच्या घरी. तुम्हीही जा, गप्प बसा, मातीला हजर राहा. वेळापत्रकात असे दोन-तीन दिवस रिकामे धरूनच निघा.

तब्येत आणि कागदपत्रं

मलावीत फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतू शकणारा मलेरिया वर्षभर असतो. डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वी सुरू करा आणि परत आल्यावर सांगितलेले दिवस पूर्ण करा. बरेच जण घरी पोहोचले की बंद करतात. परतल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलंच वाक्य 'मी मलावीहून आलोय' हे सांगा. मलावी सरोवर सुंदर आहे, पण काठच्या उथळ पाण्यात गोगलगायींमार्फत पसरणारा बिलहार्झिया हा कृमींचा आजार होतो. पोहायला उतरू नका. 2022-23 मध्ये कॉलऱ्याची मोठी साथ येऊन सतराशेच्या वर माणसं दगावली. पाणी उकळूनच प्या. वाटेत नैरोबी किंवा अदिस अबाबाला विमानतळाबाहेर पडणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि लसीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. नाहीतर भारतात परतताना सहा दिवस विलगीकरणात काढावे लागतात.

व्हिसाच्या अर्जात खरा उद्देश लिहा: चर्चच्या निमंत्रणावरून शाळेच्या बांधकामात स्वयंसेवा. यजमान चर्चचं पत्र जोडा. 'फिरायला' असं लिहून थापी-कुदळ घेऊन जाणं बरोबर नाही. देवाच्या कामाला निघालेल्या माणसाने दारातच खोटं बोलू नये.

हेल्मेट, जाड बूट आणि हातमोजे टीमसाठी न्याच, आणि गावच्या कामगारांसाठीही न्या. आपण बुटात आणि आपल्या शेजारी पाणी मारणारा अनवाणी, हे चित्र साइटवर दिसता कामा नये. बायकांनी गुडघे झाकणारे कपडे घालावेत. तिथल्या बाजारात चितेंजे नावाचं सुती कापड मिळतं, ते कमरेला गुंडाळलं की काम होतं.

मुलं, फोटो आणि सुवार्ता

मुलं साइटभोवती जमणारच. आतल्या बाजूला येऊ नयेत म्हणून दोरी बांधा आणि टीममधला एक जण रोज त्या दोरीपाशी ठेवा. चॉकलेटं, पेनं वाटू नका. एकदा वाटलं की पुढचे दिवस मुलं शाळेच्या वेळातही हात पुढे करून उभी राहतात, आणि त्यांच्या आईबापांना ते खाली मान घालायला लावणारं असतं. वह्या-पेन्सिली द्यायच्या असतील तर मुख्याध्यापकांकडे द्या, कधी आणि कुणाला वाटायच्या ते त्या ठरवतील. अनोळखी मुलाला कडेवर घेऊन काढलेले फोटो नकोत. आपल्या मुलाचा असा फोटो परक्या माणसाने काढून देणगीच्या पत्रकावर छापला तर आपल्याला चालेल का?

सुवार्तेबद्दल विचारलं जातं. मलावीत बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. शंभर-दीडशे वर्षं जुन्या मंडळ्या आहेत. ब्लँटायरचं सेंट मायकेल चर्च 1888 ते 1891 या काळात उभं राहिलं. ते बांधणारे पाळक डेव्हिड क्लेमेंट स्कॉट वास्तुविशारद नव्हते, आणि बांधणारे हात तिथल्याच लोकांचे होते. उत्तरेत लिव्हिंगस्टोनियाच्या मिशनने तर शाळेबरोबर गवंडीकाम आणि सुतारकामही शिकवलं. अशा लोकांना आपण काय नवीन सांगणार? रविवारी त्यांच्या उपासनेला जा. दोन-तीन तास चालते, आणि गाणं असं की वाद्याची गरज पडत नाही. त्यांनी साक्ष द्यायला सांगितली तर थोडक्यात द्या. दक्षिणेत मुसलमान कुटुंबंही बरीच आहेत, आणि त्यांची मुलं याच वर्गात बसणार आहेत. मजुरी, खोली किंवा खाऊ यांच्या बदल्यात कुणालाही प्रार्थनेला बसवायचं नाही. सकाळी काम सुरू होण्याआधी टीमने आणि ज्यांना यायचं असेल त्यांनी मिळून प्रार्थना करायची, आणि मग हजेरी.

निघताना

तुमच्या तारखेपर्यंत इमारत पूर्ण होईल असा हट्ट धरू नका. भिंती आणि रिंग बीम झाला, छप्पर गावचा सुतार पुढच्या महिन्यात चढवेल, हे चांगलं नियोजन आहे. ओल्या बीमवर घाईने छप्पर चढवून फीत कापणं वाईट.

ठेकेदाराची आणि मिस्त्रीची दहा टक्के रक्कम करारातच मागे ठेवा आणि पहिला पावसाळा गेल्यावर द्या. एप्रिलमध्ये समितीने फिरून पाहायचं: छपराला गळती आहे का, जोत्याजवळ माती वाहून गेली का, खिडकीच्या कोपऱ्यात तिरकी चीर आली का. तपासायच्या गोष्टींची यादी चिचेवात, म्हणजे तिथल्या भाषेत लिहून मुख्याध्यापकांच्या खोलीत लावा. दाबयंत्र, पाण्याची नळी, ओळंबे, घमेली समितीच्या नावे करा. आमचं यंत्र नंतर शेजारच्या गावाने शिक्षकाच्या घरासाठी नेलं, भाडं देऊन.

नकाशे, सळईचं वेळापत्रक आणि बीम ओतण्यापूर्वीचे फोटो यांच्या दोन प्रती तिथेच ठेवा, एक शाळेत आणि एक जिल्ह्याच्या कार्यालयात. कधी खोली वाढवायची झाली तर भिंतीच्या आत काय आहे ते फोडून पाहावं लागणार नाही.

आणि फळ्याचा रंग. तिथे फळा म्हणजे भिंतीवरच सिमेंटचा गुळगुळीत थर आणि त्यावर काळा रंग. वर्ष-दोन वर्षांत तो पांढुरका पडतो आणि मागच्या रांगेतल्या मुलांना अक्षर दिसेनासं होतं. रंगाचे दोन डबे, ब्रश आणि बारीक पॉलिश पेपर कपाटात ठेवून या. पुढच्या डब्यांचे पैसे समितीच्या दुरुस्ती खात्यात जमा आहेत का, ते दर जुलैला फोन करून विचारा.